कुंदा मॅडमचा संघ

यवतमाळच्या एका कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या कुंदा मॅडमना बास्केटबॉलशिवाय दुसरं व्यसन नव्हतं. चहासुद्धा त्या अर्धाच घेत. जुलैत कॉलेज उघडलं की मागच्या सिमेंटच्या मैदानावर शिटी घेऊन उभ्या राहत आणि दसऱ्यानंतरच्या विद्यापीठाच्या सामन्यांसाठी पोरी घडवायला घेत.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मात्र घडवलेली पोरगी हाती लागेना. घाटंजी, बाभुळगावकडच्या पोरी मोठ्या काटक. मॅडमनी घसा कोरडा करून त्यांना पास द्यायला शिकवावं, उडी घ्यायला शिकवावं, आणि ऐन सामन्यांच्या तोंडावर एकेकीनं वेचणीला गावी निघून जावं. मजूर लावायची ऐपत घरी उरली नव्हती, तेव्हा दोष कुणाला देणार? पायल नावाची पोरगी दिवाळीनंतर परतली, ती बोंडांनी बोटांची टोकं फाटलेली घेऊन. चेंडू धरवेना. मॅडमनी मनाशी एक नियम करून टाकला. संघात शहरातल्याच पोरी घ्यायच्या. नियम मूर्खपणाचा होता असं म्हणवत नाही. हात पोळलेल्या बाईनं केलेला होता.

दोन हजार सहा साली प्रियंका आली. घाटंजीची, पहिल्या वर्षाची, उंचीला बेताची. चेंडू हातात आला की सोडवून घेणं कठीण. मॅडमनी तिला सरावापुरत्या पोरींत टाकलं. मुख्य पाचजणींना तालीम मिळावी म्हणून या पोरी रोज त्यांच्याविरुद्ध खेळत, आणि प्रियंका त्या पाचजणींना रोज धूळ चारी. चेंडू खेळवायची मोक्याची जागा गुंजनकडे होती. तिचे वडील वामनराव कलेक्टर कचेरीत होते, घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर. गुंजन बरी खेळायची, इतकंच. मॅडमना हा फरक दिसत नव्हता असं नाही. प्रियंका बास्केट करायची तेव्हा त्या नेमक्या दुसरीकडे बघत.

पोळा झाल्यावर त्यांनी मैदानात नावं वाचून दाखवली. बाराजणींत प्रियंका नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती दिसली नाही. बोंडं फुटायला अजून अवकाश होता. तरी मॅडम स्वतःशीच म्हणाल्या, गेलीच शेवटी.

पुढच्या आठवड्यात वामनराव पेढे घेऊन आले. शेवटच्या फेरीत गुंजनचा पुण्याला इंजिनियरिंगला नंबर लागला होता. मॅडमनी पेढा खाल्ला, अभिनंदन केलं आणि प्रियंकाला निरोप पाठवायचं ठरवलं. पण निरोप जायच्या आधी तिचे वडील डोमाजीच दारात उभे राहिले. त्यांना पोरीची टीसी काढायची होती आणि त्यासाठी खेळ विभागाची सही हवी होती. कॉलेजचे बूट त्यांनी धुऊन, पिशवीत घालून आणले होते.

डोमाजींनी तक्रार केली नाही. खेळाच्या कोट्यातून पोलिसांत लागता येतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून पोरीला इथे खोली करून दिली होती, म्हणाले. आता ती नागपूरला मावशीकडे होती, एका कपड्याच्या दुकानात लागली होती.

"गंज रडली पोरगी, रातभर," ते म्हणाले. "मीच समजावलं तिले. म्हटलं, मॅडमले पारख हाये. तुह्यातच कमी असन म्हणून नाही घेतलं."

मॅडमनी सही करून कागद पुढे सरकवला. गप्प बसल्या असत्या तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ते शेवटचं वाक्य त्यांना गिळवेना.

"भाऊ, तिच्याइतकी चांगली खेळणारी माझ्याकडे एकही नव्हती."

"मंग काहून नाही घेतलं?"

दसरा झाला की ती वेचणीला निघून जाईल असं वाटलं, मॅडमनी खरं ते सांगून टाकलं.

"कोनाच्या वेचणीले? आमच्याजवळ वावरच नाही, मॅडम. मी टेलर आहो. तिनं जिंदगीत कापूस वेचला नाही."

प्रियंका जुलैपासून रोज समोर खेळत होती, आणि बाप काय करतो हे मॅडमनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना फार लाज वाटली. तिला परत बोलवा, मी संघात घेते, असं त्या घाईघाईनं म्हणाल्या.

डोमाजींनी कागदाची घडी केली, पण ती खिशात घातली नाही.

"बोलावतो," ते म्हणाले. "पन तिच्यात कमी हाये, हे मीच तिले पटवून देल्लं ना. ते आता कसं काढू?"