कुलूप न लागलेली बाग

द्वारकाबाईंचं माहेर सोयगाव तालुक्यातलं. वडील आप्पासाहेब, गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. नदीकाठी त्यांची आमराई होती आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. आतला झोपाळा एकट्या द्वारकासाठी बांधलेला. गावची पोरं कुंपणातून आत शिरली की राखणदार काठी घेऊन धावायचा आणि ती पळापळ बघून द्वारका झोपाळ्यावर हसायची. "तवा मला तो खेळच वाटायचा," त्या स्वतःच सांगतात. लपवत नाहीत.

सत्याऐंशी साली लग्न होऊन त्या शहरात आल्या. नवरा बद्रीनाथ वाळूजच्या एका कारखान्यात फिटर. बिऱ्हाड औरंगपुऱ्यातल्या एका बोळात, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं. खिडकी उघडली की समोरच्या घरातली फोडणी नाकात. बद्रीनाथ म्हणायचे, "रविवारी बागेत जाऊ." त्यावर द्वारकाबाईंचं उत्तर ठरलेलं, "लोकांच्या गर्दीत गवतावर बसू? आमच्या घरच्या बाया तशा बसत नाहीत."

लेक झाली. दीड वर्षाची होऊनही ती फरशी सोडून कुठं पाऊल टाकीना. माहेरी अंगणातल्या मातीवर उभी केली, तर तिनं रडून आकांत मांडला. ते द्वारकाबाईंना लागलं. शहरात परतल्यावर एका दुपारी पोरीला कडेवर घेऊन त्या एकट्याच बागेत गेल्या आणि हिरवळीच्या कडेला अवघडून उभ्या राहिल्या.

तिथं खुरप्यानं गवत काढणारी बाई उठून जवळ आली. "तुम्ही आप्पासाहेबांच्या द्वारकाताई ना?"

ती भागूबाई. त्यांच्याच गावची. तिचे आईबाप आप्पासाहेबांच्या शेतात मजुरीला असायचे. लग्नानंतर ती शहरात आली होती आणि आता बागेत रोजंदारीवर होती.

"तुमच्या आमराईतली एकच कैरी खाल्ली व्हती मी," भागूबाई हसत म्हणाली. "राखणदारानं पाठ सोलून काढली."

द्वारकाबाईंनी पोरीला कडेवर सावरलं. त्या वळल्या तशी भागूबाईनं विचारलं, "निघाल्या कुठं? बसा की. इथं कुनी कुनाला उठवत नाय."

तिनं खुरपं बाजूला ठेवलं आणि पोरीला हिरवळीवर उभं केलं. पोर रडली, थांबली, मूठभर गवत तिनं उपटून बघितलं आणि भागूबाईचं बोट धरून चार पावलं चालली.

"घरी येऊन मी लई रडले," द्वारकाबाई सांगतात. "भागूच्या जागी मी असते, तर 'बसा' म्हणाले असते का?"

पुढं त्या रोज बागेत जाऊ लागल्या. भागूबाईशेजारी बसून खुरपणी शिकल्या.

शहाण्णव साली बद्रीनाथांनी आमच्या कॉलनीत छोटं घर बांधलं. कॉलनीच्या नकाशात बागेची जागा होती, पण आम्ही सगळे तिथं राडारोडा टाकायचो. माझ्या न्हाणीघराच्या फुटक्या फरश्याही तिथंच पडल्या होत्या. एका सकाळी द्वारकाबाई फावडं आणि टोपलं घेऊन तिथं उतरल्या. जमीनदाराची लेक कचरा उचलते म्हणून बायका हसल्या. आठवड्यानं त्यातल्याच तिघी पदर खोचून सोबत आल्या. कोणती झाडं लावायची हे भागूबाईनं सुट्टीच्या दिवशी येऊन सांगितलं. करंज, कडुनिंब, बकुळ. पाण्याची मारामार होती. मग द्वारकाबाईंनी दारोदार जाऊन सांगितलं, तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका, बादलीत ठेवा. तीन उन्हाळे त्या बादल्यांवर झाडं जगली. पुढं महापालिकेनं भिंत, फाटक आणि फिरायला वाट करून दिली.

बाग फुलली तशी नाल्यापलीकडच्या मजूरवस्तीतली मुलं येऊ लागली. फुलं तुटू लागली. कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष कारभारी यांनी बैठक बोलावली. फाटकाला कुलूप लावायचं आणि किल्ल्या फक्त कॉलनीवाल्यांना, असा ठराव. एक सोडून सगळे हात वर झाले. माझाही.

द्वारकाबाई उभ्या राहिल्या. "कारभारीभाऊ, कुंपणाच्या आत मी वाढले. बाहेरच्या पोरांना मार बसताना हसायचे. आता माझ्या हातानं दुसरं कुंपण घालणार नाय."

"मग नुकसान कोण भरून देणार, ताई?"

"मी. एक वर्ष द्या मला. नाय जमलं, तर कुलूप मीच आणून लावते."

वर्षाची मुदत मिळाली. दुसऱ्याच दिवशी त्या नाल्यापलीकडं गेल्या. आयांशी बोलल्या, वस्तीतल्या एकेका गल्लीला फुलांचा एकेक वाफा नेमून दिला. जी पोरं झेंडू तोडायची, त्यांच्याच हातात पाण्याची नळी दिली. वस्तीतले जब्बार मिस्त्री एका सुट्टीच्या दिवशी आले आणि भिंतीचा ढासळलेला कोपरा बांधून गेले. वर्षानं बैठक भरली तेव्हा कारभारी उठले आणि एवढंच म्हणाले, "ठराव मागं घेतो." टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण घरी जाताना सगळे बागेवरून वळसा घालून गेलो.

जब्बार मिस्त्रींची सगीरा याच बागेत पोलीस भरतीची तयारी करायची. आठशे मीटर भरायला किती फेऱ्या लागतात, ते द्वारकाबाईंनी दोरी टाकून मोजून दिलं. रोज पहाटे त्या हातात घड्याळ घेऊन फाटकापाशी उभ्या राहायच्या. "दम सोडू नको गं, शेवटची फेरी!" हा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा.

गेल्या वर्षी सगीरा भरती झाली. प्रशिक्षण संपवून ती वर्दीत बागेत आली आणि तिनं द्वारकाबाईंना कडक सलाम ठोकला. द्वारकाबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "टोपी आधी सरळ कर."

मग तिला जवळ ओढून घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

त्या संध्याकाळी आमच्या कॉलनीत घरोघर पेढे वाटले गेले. वाटणारे कारभारी होते. प्रत्येक दारात थांबून सांगत होते, "आपल्या बागेतली पोरगी पोलिसात लागली."