अजमानचे पोलंडवाले मास्तर

गणपतीचा हंगाम संपला आणि मुलाने तिकीट पाठवलं. विमानात पट्टा लावून द्यायला बाई आली, तिला म्हटलं, मला समजतं. उतरताना तो सुटेना.

मुलगा नोकरीला दुबईत आणि झोपायला अजमानला. दुसऱ्या दिवशी दुबईच्या करामा भागात मिसळ खाल्ली. तिच्यात गाजर! मालकाला बोललो, तर म्हणे, "काका, इथे असंच चालतं." अर्धी ठेवून उठलो.

सून मेधा अजमानलाच चित्रं शिकायला जाते. तिचे मास्तर यानेक पोलंडचे, वयाने माझ्याएवढे. आमचं बोलणं मेधाच इकडचं तिकडे करायची. मास्तरांनी तिकडच्या मोठ्या चित्रशाळेत तीस वर्षं शिकवलं, सरकारी हुकमाने पुढाऱ्यांच्या तसबिरी केल्या. सरकार पडलं, तसबिरी तळघरात गेल्या. आता इथे बायकांना खजुराचं झाड काढायला शिकवतात.

"तिकडून पत्र आलंय, बाबा. चित्रं नेताय की टाकून देऊ? सरांना काही सुचत नाहीये."

"त्यात काय? माझे हजारो गणपती पाण्यात गेले. हात जोडायचे, सोडून द्यायचं. खलास (संपलं)!"

मेधाने सांगितलं. मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. मग मला खुर्चीत बसवलं. आठ दिवसांत फळीवर माझं तोंड उमटलं, मिशीसकट. जन्मभर मी देवाचे डोळे आखले. माझे कुणी आखले नव्हते. पेणच्या कारखान्यात ते कुठे टांगायचं, तेही मी ठरवून टाकलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मास्तर फळी काखेत घेऊन आम्हाला कॉर्निशवर (समुद्रकाठच्या रस्त्यावर) घेऊन गेले. वाटलं, उजेडात दाखवतायत. ते बूट काढून पाण्यात उतरले, फळी सोडली आणि हात जोडले.

"अहो मास्तर! अगं मेधा, थांबव त्यांना!"

"बाबा, सरांनी काल उत्तर पाठवलं. टाकून द्या म्हणून. तुमच्यामुळे जमलं म्हणतात."

मास्तर रडत होते आणि हसतही होते. उपदेश माझाच, परत कोणत्या तोंडाने घेणार? मीही हात जोडले. तेलरंग, विरघळतोय कशाला! आभाळाकडे बघत माझं तोंड लांबपर्यंत तरंगत गेलं.

पेणला लोक दुबईचं विचारतात, मी उंच इमारती सांगतो. यंदा मात्र एक गिऱ्हाईक मूर्ती घेऊन निघालं, तेव्हा वळणापर्यंत मागे गेलो.

"काका, काही राहिलं का?"

"नाही. डोळे नीट आलेत का, तेवढं बघतोय."