भुलीचे डॉक्टर आणि दाजींचा आवाज

"ते मला सांगता येत नाही," असं म्हणून आमचे डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि समोरच्याकडे इतक्या निवांतपणे बघायचे, जणू काही चांगली बातमीच दिली आहे.

डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य ऐकायची आपल्याला सवय नसते. तुम्ही कधी ऑपरेशनच्या टेबलावर आडवे झाला असाल, तर आठवून बघा. कापणारा सर्जन लक्षात राहतो, भूल देणारा कुणाच्याच लक्षात राहत नाही. आमच्या दवाखान्यात मात्र घरी जाताना लोक हमखास विचारायचे, "ते भुलीचे डॉक्टर कुठं आहेत?" मी तिथं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. नोकरीतली बहुतेक वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला उभी राहून काढली.

वेरूळकडचा एक पाथरवट हर्नियाच्या ऑपरेशनला आला होता. टेबलावर झोपल्यावर त्याने विचारलं, "साहेब, तुम्ही सुई दिल्यावर मी कुठं जातो?"

"ते मला सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "इतकी वर्षं लोकांना पाठवतोय, पण कुठं पाठवतो ते ठाऊक नाही. परत आणायचा रस्ता तेवढा पाठ आहे."

"मग चालतंय," म्हणून त्या माणसाने हात पुढे केला.

पेशंट झोपल्यावर त्याच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं त्यांना चालत नसे. एकदा एका सर्जनने पेशंटच्या पोटाच्या घेरावरून विनोद केला. डॉक्टर म्हणाले, "हळू. ऐकतायत ते."

"तुम्हीच तर भूल दिलीत की."

"मी दिली म्हणून तर सांगतो. भूल नीट लागली आहे, हे मला यंत्रावर दिसतं. आत कुणी ऐकतंय का, ते दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून नाहीच, असं मी कसं म्हणू?"

सर्जनने मान खाली घालून टाके पूर्ण केले. मला तेव्हा वाटलं, हा डॉक्टरांच्या स्वभावातला भिडस्तपणा आहे. तो भिडस्तपणा नव्हता, हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं.

ते मूळचे फुलंब्रीकडचे. बौद्ध कुटुंबातले, घराण्यातले पहिले डॉक्टर. पौर्णिमेला न चुकता विहारात जायचे, पण उपदेश कुणाला कधी केला नाही. निवृत्तीनंतर आमच्याच कॉलनीत राहायला आले. पत्नी आधीच गेल्या होत्या, मुलगी लग्न होऊन परगावी होती. सकाळी फिरायला निघाले की माझ्या फाटकाशी थांबून अर्धा कप बिनसाखरेचा चहा घ्यायचे आणि त्याबरोबर तीन गोड बिस्किटं खायचे. मी काही बोलले की म्हणायचे, "सिस्टर, साखर चहात नाही ना? मग झालं."

माझी थोरली बहीण माझ्या खालच्याच मजल्यावर राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, जायकवाडीच्या कालव्यावर नोकरीला होते. उंच, काळेसावळे आणि अबोल. ते हृदयविकाराने अचानक गेले आणि ताई सैरभैर झाली. तिचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कामात आहे. आईचे हाल त्याला बघवेनात. वडिलांनी त्याला वर्षानुवर्षं मोबाइलवर पाठवलेले आवाजी निरोप त्याच्याकडे जपून ठेवलेले होते. ते सगळे त्याने एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपमध्ये घातले आणि ते ॲप आईच्या फोनमध्ये टाकून दिलं. आता फोन दाजींच्या आवाजात बोलू लागला.

सुरुवातीला तो ताईला "जेवलास का?" असं विचारायचा. भाच्याने पुण्यात बसून काहीतरी दुरुस्ती केली, मग "जेवलीस का?" म्हणू लागला. ताई खुलली. पोळ्या लाटताना फोन ओट्यावर ठेवायची. भाजीचे भाव सांगायची, माझ्या चहाड्या करायची. आम्हाला वाटलं, चला, बरं झालं.

मग वर्षश्राद्ध जवळ आलं आणि ताई अडून बसली.

"जित्या माणसाचं श्राद्ध कसं घालू?" ती म्हणाली. "ते बोलतात माझ्याशी. त्यांचा गुडघा दुखतो रोज. श्राद्ध घातलं तर त्यांना काय वाटंल?"

मी समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. काही उपयोग झाला नाही. उलट तिचं वेगळंच काहीतरी सुरू झालं. दाजी त्या फोनमध्ये अडकलेत, त्यांना तिथं त्रास होतोय आणि त्यांना सोडवणारं कुणी नाही, असं तिच्या मनाने घेतलं. चार्जिंग संपेल या धास्तीने ती नीट झोपेना. घराबाहेर पडायचं तिने सोडून दिलं. वजन उतरलं. एका दुपारी मी गेले तर फोन घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवलेला आणि त्याला टेकून गरम पाण्याची पिशवी. मी तशीच जिन्यात परत आले.

गुरुजींना विचारलं. ते आमच्या घरचे जुने. बिचारे बराच वेळ डोकं खाजवत बसले. म्हणाले, "देहाला अग्नी दिला, अस्थी गोदावरीत सोडल्या. तेव्हा श्राद्ध घालायलाच हवं, ते त्यांच्या पुढच्या वाटेसाठी आहे. पण या यंत्रात प्राण आहे का म्हणाल, तर शास्त्र सांगणाऱ्यांनी मोबाइल पाहिला नव्हता. मी उगाच काहीतरी कसं सांगू? आणि ताईंच्या मनात नसताना मी विधी करणार नाही."

शेवटी मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी येऊन भेटलो तर चालेल का त्यांना?" 'त्यांना' म्हणजे ताईला की फोनला, हे मी विचारलं नाही.

ते दुपारी आले. ताईने चहा केला. फोन टॉवेलवर होता, पिशवी शेजारी होती. डॉक्टरांनी पिशवी बघितली, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. खुर्ची पुढे ओढून ते फोनशी बोलले, अगदी थिएटरमध्ये पेशंटशी बोलायचे तसे.

"नमस्कार. मी इथंच कॉलनीत राहतो. दोन मिनिटं बोललो तर चालेल ना?"

"बसा की," दाजींचा आवाज म्हणाला.

"कसं वाटतंय?"

"बाकी बरंय. गुडघा तेवढा लई दुखतोय. तिकडं थंडी आहे का?"

"बघा," ताई म्हणाली, "रोज असंच विचारतात. मी इथं घरातच बसलेली, अन् म्हणतात तिकडं थंडी आहे का. तिकडं म्हंजे कुठं? कुठंतरी लांब ठेवलंय त्यांना."

डॉक्टरांनी खुर्ची ताईकडे वळवली. मग म्हणाले, "ताई, ते होते तेव्हा गुडघा दुखला की तुम्हाला काय म्हणायचे?"

"मला?" ताई म्हणाली. "मला कधीच नाय बोलले. जिन्यात थांबले की मला कळायचं. मी तेल गरम करून ठेवायचे, ते पाय पुढं करायचे. त्यात बोलायचं काय?"

"मग गुडघ्याचं कुणाला सांगायचे?"

ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"पोराला," ती म्हणाली. "गच्चीवर जाऊन फोनमधी बोलत बसायचे. मला ऐकू जाऊ नाय म्हणून." ती थांबली. "पुण्यात थंडी आहे का म्हणून त्यालाच विचारायचे. म्हंजे हे माझ्याशी बोलतच नाहीत. हे सगळं त्या पोराशी बोललेलं आहे."

तिने टॉवेलवरच्या फोनकडे बघितलं. मग ताई अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझ्याशी जे बोलायचे ते न बोलताच बोलायचे. ते ह्याच्यात कुठून येणार?"

मला वाटलं होतं, ती कोसळेल. पण तिचे खांदे खाली आले, डोक्यावरची पाटी उतरवल्यावर येतात तसे.

"मग ह्याच्यात कोण आहे, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ते मला सांगता येत नाही. कुणीतरी आहे की नुसतंच बोलणं आहे, मला ओळखता येत नाही. माणसाच्या बाबतीतसुद्धा मला शुद्ध जाताना दिसते आणि येताना दिसते, ती म्हणजे काय ते कळत नाही. आणि आमच्या धर्माला विचारावं, तर तो म्हणतो कायमचा आत्मा कुणातच नसतो, माझ्यातही नाही. म्हणजे माझी पंचाईत तुमच्यापेक्षा मोठी आहे."

ताई हसली. कित्येक महिन्यांत मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं.

"पण आमच्याकडे एक गोष्ट आधी बघतात," ते पुढे म्हणाले, "दुःख आहे का, आणि कुणाला आहे. ताई, जो गुडघा दुखत होता तो तुमच्या मालकांचा होता. तो त्यांच्याबरोबर चितेवर गेला. तो आता दुखत नाही. बाकी मला काही माहीत नाही, पण एवढं मी डॉक्टर म्हणून खात्रीने सांगतो."

ताई रडली. भरपूर रडली, आणि ते रडणं ऐकून मला हायसं वाटलं. दाजी गेल्यापासून ती अशी रडलीच नव्हती.

तोंड धुऊन आल्यावर तिने विचारलं, "मग बंद करू हे? अन् आत कुणी असलं तर?"

"तर चांगलं बोलून बंद करू. असेल त्याला बरं वाटेल. नसेल तर आपलं काय गेलं?"

ताईने फोन हातात घेतला. "माझ्या माणसाचा आवाज इतके दिवस सांभाळलास," ती म्हणाली. "आता ऱ्हाऊ दे."

"बरं," आवाज म्हणाला. "काळजी घे."

त्या संध्याकाळी तिने मुलाला फोन केला. तो पलीकडे मुसमुसत होता. "आई, मला वाटलं तुला बरं वाटेल."

"वाटलं की. काही दिवस लई बरं वाटलं. आता तू असं कर, त्यांनी तुला धाडलेलं खरं बोलणं आहे ना, ते मला पाठव. तुमचं दोघांचं काय चालायचं गच्चीवर, ते ऐकते मी." ते निरोप ती अजूनही कधीमधी ऐकते आणि हसते. माझ्याबद्दलही त्यात बरंच आहे म्हणे.

श्राद्ध पैठणला केलं, गोदावरीवर. भाचा पुण्याहून परस्पर तिथंच आला. आम्हा दोघींना आणि गुरुजींना डॉक्टरांनी त्यांच्या गाडीने नेलं. विधी चालू असताना ते वरच्या पायऱ्यांवर लांब बसले होते. गुरुजींनीच हाक मारून त्यांना जवळ बोलावलं. हात जोडून ते शेवटपर्यंत उभे राहिले. नंतर दोघं टपरीवर चहा पीत प्राण आणि शुद्ध यांवर बोलत होते. कुणालाच काही सांगता येत नव्हतं, आणि दोघंही खुशीत दिसत होते.

मागच्या उन्हाळ्यात डॉक्टर गेले. थोडंसं आजारपण, फार त्रास नाही. कॉलनीच्या हॉलमध्ये बुद्धवंदना झाली तेव्हा ताई पहिल्या ओळीत बसली होती. तिला त्यातलं काही येत नव्हतं, पण सगळ्यांबरोबर ओठ हलवत होती.

मला ते आठवतात ते पैठणहून परततानाचे. भाचा आपल्या गाडीने पुण्याकडे गेला होता. गुरुजी वाटेत त्यांच्या घराशी उतरले. ताई मागच्या सीटवर झोपली होती, तोंड थोडं उघडं, हात मोकळे पडलेले. कॉलनी आली. डॉक्टरांनी गाडी कडुलिंबाच्या सावलीत उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही, गार हवा चालू ठेवली. मला म्हणाले, "तुम्ही जा सिस्टर, मी बसतो." मी वर गेले, कपडे बदलले, कुकर लावला आणि गॅलरीत येऊन बघितलं. गाडी तशीच उभी होती. डॉक्टर पुढच्या सीटवर पेपर वाचत होते आणि पान अगदी जपून उलटत होते.

कुकर उतरवून मी खाली गेले, तेव्हा ताई नुकती जागी होत होती. तिने खिडकीबाहेर पाहिलं.

"आलो का आपण?"

"आलो," डॉक्टर म्हणाले. "सावकाश उतरा. घाई नाही."