डाव्या गालावरचा डाग
आपल्या फोटो स्टुडिओतून कुठलाही चेहरा आला तसा बाहेर जायचा नाही, हा वडिलांचा नियम होता. मुरमं, तीळ, देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळ्यांना तिथे कायमची रजा मिळायची. हे काम मुलाकडे होतं. काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह आणि हातात बारीक टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हवरचा डाग पेन्सिलीने भरला की फोटोत तो उमटत नसे. सतराव्या वर्षीच त्याचा यात हातखंडा होता. त्याची आत्या तर स्वतःचा फोटो बघून "ही बाई कोण?" म्हणाली, आणि तरी तीन प्रती घेऊन गेली. गिऱ्हाइकं त्याला कौतुकाने छोटे मालक म्हणायची.

छोट्या मालकाचं चित्त मात्र दोन गल्ल्या पलीकडे, बेकरीच्या मागच्या जिन्यात असायचं. बेकरीवाल्याचा मुलगा त्याच्याच वर्गातला. भट्टीमागची भिंत कायम गरम. तिला पाठ टेकून दोघं अभ्यास करायचे, म्हणजे पुस्तकं उघडी ठेवायचे. बेकरीवाल्याच्या मुलाच्या डाव्या गालावर भाजल्याचा डाग होता. लहानपणी तापलेला ट्रे लागला होता. आई अजून रोज त्यावर मलम चोळायची.

"सगळ्यांना हा घालवायचाय," तो एकदा म्हणाला. "तुला?"

"मला नाही."

तेव्हा त्याने छोट्या मालकाचं बोट धरून डागावर ठेवलं. "दुखत नाही. बघ." बोट तिथेच राहिलं. वर्गातली पोरं मुलींच्या गप्पा मारायला लागली की आपल्याला जांभया का येतात, याचं उत्तर छोट्या मालकाला त्या दुपारी मिळालं. आनंद झाला, आणि त्याच्या दुप्पट भीती वाटली.

परीक्षेनंतर बेकरीवाल्याच्या मुलाला शिकायला दूर काकाकडे पाठवायचं ठरलं. अर्जाला फोटो हवा होता. फोटो काढून निघताना तो हळूच म्हणाला, "एक प्रत तू ठेव. गेलो की पत्र लिहीन. उत्तर दे म्हणजे झालं."

त्या आठवड्यातल्या सगळ्या निगेटिव्हवर छोट्या मालकाने पेन्सिल चालवली. एक सोडून. वडिलांनी नेहमीप्रमाणे एकेक खिडकीशी धरून पाहिली आणि बेकरीवाल्याच्या मुलाची हातात तशीच राहिली.

"ही करायची राहिली वाटतं."

"राहिली नाही. तशीच ठेवलीय."

"का?"

"चांगला दिसतो."

"कुणाला?"

"मला," तो बोलून गेला. दुसऱ्या कुठल्या दुकानात हे खपलं असतं. इथे न पुसलेला डाग म्हणजे लेखी कबुली होती.

वडील ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, ती त्याच्या हातात दिली आणि पाठीशी उभे राहिले. "बस. आणि पूस." तो बसला. त्याने पुसला, आणि इतका बेमालूम पुसला की वडिलांना नाव ठेवायला जागा उरली नाही.

बेकरीवाल्याचा मुलगा फोटो न्यायला आला तेव्हा वडील काउंटरवरच होते. त्याने पाकीट उघडलं. फोटोतल्या डाव्या गालावरून बोट फिरवलं.

"हे तू केलंस?"

मला करायला लावलं, एवढंच सांगायचं होतं. पण वडील ऐकत होते.

"इथे सगळ्यांचंच करतात," छोटा मालक म्हणाला.

"बरं," म्हणून तो गेला. पत्र आलं नाही. तीन वर्षं छोटा मालक पोस्टमनची वाट बघत दारात उभा राहायचा, आणि वडील आत पेन्सिलींना टोकं काढत बसायचे.

आता वडील नाहीत. छोटे मालक पन्नाशी ओलांडून मालक झालेत, एकटेच राहतात. पेन्सिलीच्या जागी कॉम्प्युटर आला. स्वतःजवळ ठेवलेल्या बिनडागाच्या प्रतीवर त्यांनी पडद्यावर तो डाग पुन्हा उमटवायचा खूपदा प्रयत्न केला. जागा बोटाला ठाऊक आहे, पण आकार जमत नाही. काहीही केलं तरी शाई सांडल्यासारखं दिसतं.

गल्लीत तीन स्टुडिओ आहेत. फोटो काढल्यावर गिऱ्हाइकाला "डाग ठेवू की काढू?" असं विचारणारे तेवढे हेच. लोक जरा चमकून बघतात. मग म्हणतात, "हे काय विचारणं झालं? काढा की."

ते काढतात.