तिसऱ्यांदा विचारल्यावर

लाउस्टला कुणी काही देऊ केलं की तो आधी ‘नको’ म्हणे. दुसऱ्यांदाही ‘नको, कशाला उगाच त्रास?’ तिसऱ्यांदा विचारलं की मात्र घेई आणि बशी चाटूनपुसून लख्ख करी. पश्चिम जटलंडमध्ये यालाच वळण म्हणतात. त्याची बायको गुद्रून याला ढोंग म्हणे. मोठा आला वळणाचा!

या वळणापायी चीजच्या कारखान्यातलं मुकादमपद त्याच्या हातून गेलं. मालक कोपनहेगनचा, तिकडे हे वळण नाही. त्याने एकदाच विचारलं आणि पद दुसऱ्याला दिलं. मग लाउस्ट निवृत्त होईपर्यंत फुरंगटलेलाच. लग्नाचंही गुद्रूननेच विचारलं होतं. किती वेळा, ते सांगायला नको.

आता इस्पितळात लाउस्टच्या आतड्यातली गाठ काढली होती. शस्त्रक्रिया नीट झाली, पण आतडं काही जागं होईना. पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलेलं. परिचारिका सिग्ने, तीही कोपनहेगनचीच, गुद्रूनला दारातच म्हणाली, "आतडं हलवायचं औषध रोज देते हो, पण ते नकोच म्हणतात. जबरदस्ती कशी करणार? आज वारा सरला नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. त्यानेही भागलं नाही तर पोट पुन्हा उघडायचं."

"अगं, तू एकदाच विचारतेस ना?"

"मग किती वेळा विचारू?"

गुद्रूनने कपाळावर हात मारला. औषधाचा पेला घेऊन ती खाटेशी बसली.

"घेतोस?"

"नको. एवढं काही नाही झालेलं."

"लाउस्ट, घेतोस का?"

"कशाला उगाच तुला त्रास?" असं म्हणून त्याने पेल्याकडे पाहिलं आणि तो वाट पाहू लागला.

गुद्रूनने पेला बाजूला ठेवून विणकाम काढलं. जन्मभर तिसरा प्रश्न तिनेच विचारला होता. आता तिला त्याचा वीट आला होता. त्याच्या पोटात कळ आली, त्याने पाय आखडून घेतले. भीती तिलाही वाटत होती, पण ती टाक्यामागून टाका विणत राहिली.

"गुद्रून," शेवटी तो म्हणाला, "दे ते. मला हवंय."

एका घोटात पेला रिकामा झाला. संध्याकाळी वारा सरला, आणि असा सरला की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठून बसला. सिग्नेने टाळ्या वाजवल्या. लाउस्टही लाजत हसला.

गुद्रून हसली नाही.

"म्हणजे तुला मागता येत होतं," ती म्हणाली. "येत होतं, आणि तरी मला जन्मभर विचारायला लावलंस."