वरच्या मजल्यावरच्या चाचांची डिकी

अवघ्या कतारमध्ये थंडीची धास्ती घेतलेली एकच गाडी होती, ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाचांची. नोव्हेंबर लागला की दोह्यातल्या फरीज बिन ओमरान वस्तीतले आम्ही सगळे एसी बंद करून खिडक्या उघडायचो, चाचा डिकी उघडायचे. बॅटरीच्या केबली, ओढायचा जाड दोर, हवेचा पंप, फावडं, तांबडा त्रिकोण, दोन घोंगड्या, बारा लिटर पाणी. बाजाराला त्यांच्याबरोबर गेलं की भाजी मांडीवर घेऊन बसावं लागे. माझा मुलगा एकदा म्हणाला, "अंकल, धिस इज दोहा, नॉट अलास्का." चाचा शांतपणे म्हणाले, "बेटा, बॅटरीला भूगोल कळत नाय. उन्हाळ्यात शिजते नि पहिल्या गारठ्यात मान टाकते." जानेवारीत आम्ही वाळवंटात सहलीला गेलो, तर दिवसभर कुणाचीच गाडी रुतली नाही. चाचा हिरमुसले. शेवटी एका अरबी कुटुंबाच्या टायरांतली हवा, वाळूत रुतू नयेत म्हणून, त्यांनी न विचारता पस्तीसवरून अठरावर आणली, आणि त्या लोकांना वाळूत जायचंच नाही हे कळल्यावर चारही टायर पुन्हा भरून दिले.

त्याच महिन्यात एका पहाटे त्यांनी माझं दार वाजवलं. रायगडातल्या गावी त्यांची आई वारली होती. सकाळचं विमान मिळालं तर रात्रीच्या नमाजापर्यंत ते पोचणार होते, आणि तोवर मय्यत ठेवायला, दफन थांबवायला भाऊ तयार होता. गाडी परत आणायला मी सोबत निघालो. बाहेर धुकं इतकं, की पुढचे दिवे दिसत नव्हते. चाचा अगदी बेतानं चालवत होते. विमानतळाच्या वाटेवर, अल थुमामाच्या अलीकडे, रस्त्यातच, एक बंद गाडी उभी. दिवेही विझलेले, आत बाई आणि दोन मुलं.

"चाचा, आज नको. पोलिसांना फोन करतो मी," मी म्हटलं.

"पोलीस येईस्तोवर मागून कोन तरी ठोकील, भाऊ." त्यांनी गाडी कडेला घेतली, मागे त्रिकोण ठेवला, मुलांना घोंगड्या दिल्या, केबली जोडल्या. ती गाडी सुरू होऊन निघून गेली, तेव्हाच ते हलले.

विमानतळावर काउंटर बंद झालं होतं. पुढचं विमान संध्याकाळचं. चाचांनी तिथल्याच खांबाला टेकून भावाला फोन लावला. "मी नाय पोचत. थांबू नका. असरच्या नमाजानंतर उरकून घ्या. अम्मीला ताटकळत ठेवू नका." असर म्हणजे दुपार कलल्यावरची, साडेचार-पाचच्या सुमाराची नमाज. का नाही पोचत, ते त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत मी त्यांना आमच्याकडेच ठेवून घेतलं. बायकोनं केलेला चहा निवत होता. तीन वाजून गेल्यावर चाचांनी हळूच विचारलं, "भाऊ, गावाला असर होऊन गेली असंल ना?"

इथल्या घड्याळात अडीच तास मिळवले की तिथली वेळ निघते. ती बेरीज मी केव्हाच केली होती; तिथे साडेपाच वाजून गेले होते.

"अजून वेळ आहे, चाचा," मी म्हटलं.