कळंबला न उतरता

गेल्या वर्षापर्यंत राळेगाव ते यवतमाळ मी कळंबला उतरल्याशिवाय गेले नाही. तिथं माझं कोणी नाही. स्टँडवरच्या स्वच्छतागृहात जायचं आणि मागची गाडी धरायची, एवढंच. लघवीची घाई अशी अचानक व्हायची की दोन मिनिटं धीर निघत नसे. त्यात बढती आली, यवतमाळच्या शाळेत. म्हणजे रोज हाच रस्ता. होकार की नकार ते उन्हाळ्याच्या सुटीआधी कळवायचं होतं.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी लघवीची तीन दिवसांची नोंद मागितली. मी रकाने आखून, वेळ आणि मापासकट दिली. शाबासकीची अपेक्षा होती. यातल्या किती वेळा खरंच लागली होती, असं त्यांनी विचारलं. मी खुणा केल्या. निम्म्याही भरल्या नाहीत. बाकी सगळ्या ‘निघण्याआधी जाऊन घेऊ’ अशा.

“ताई, ही सवय तुम्हीच लावली,” त्या म्हणाल्या.

उपचार बारा आठवड्यांचा. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून तोच वार ठरवला. घोट्याजवळ बारीक सुई, अर्धा तास हलका करंट. अंगठा आपोआप हलायचा. घोट्याची नस आणि मूत्राशयाच्या नसा कमरेपाशी एकाच ठिकाणी पोचतात, म्हणून पायाकडून समजूत घालायची, असं त्यांनी सांगितलं. यवतमाळची नणंद सोबत बसायची. तिला हे पटेना.

“वहिनी, दुखणं कुठी अन् सुई कुठी! बाईले पत्ता नाही सापडला काय?”

पाच शनिवार काही फरक नाही. सहाव्यानंतर नोंदी विरळ होऊ लागल्या. दहाव्या शनिवारी परतताना मी कळंबऐवजी थेट राळेगावचं तिकीट मागितलं. कंडक्टरबाई ओळखीच्या.

“पाहा बाप्पा मॅडम, कळंब सुटलं का मंधात गाडी थांबत नाही.”

कळंब आलं आणि घाई झालीच. डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे जागची हलले नाही, पाय घट्ट रोवले, सावकाश श्वास घेतला. गाडी गावाबाहेर पडली, कपाशीची पऱ्हाटी उपटलेली शेतं लागली, तोवर ती ओसरली होती. पुढं चक्क डुलकी लागली.

घरी पोचल्यावर आधी आत गेले. मग हात धुऊन होकाराचं पत्र लिहिलं.